आठ महिने गिट वापरल्यावर: ‘आमचं’ कुठलं नि ‘त्यांचं’ कुठलं?

गिट म्हणजे फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं नि अनेकांचं काम जुळवणारं सॉफ्टवेअर; हा त्याचा रिव्ह्यू, पाचपैकी तारे शेवटी. कमिट म्हणजे नोंदवलेला बदल, ब्रँच म्हणजे कामाची वेगळी फांदी; याहून जास्त सांगत बसत नाही. एका मुक्त प्रकल्पाचं मराठी भाषांतर मी फोंड्यातून, जुन्या लॅपटॉपवर, फुकटात करतो. फुकट म्हणायचं एवढंच. पहिल्याच दिवशी प्रकल्पाचा अख्खा इतिहास क्लोन केला, म्हणजे लॅपटॉपवर उतरवला, नि दिवसाचा दीड जीबी डेटा जेवणाआधी उडाला. डेप्थ 1 दिलं असतं तर फक्त शेवटची अवस्था उतरली असती.

मग जूनमधली ती रात्र. पाऊस कोसळतोय, वीज गेलेली, बॅटरी 18 टक्के. मुख्य ब्रँच पुढे गेली होती, म्हणून रिबेस केलं, म्हणजे माझे कमिट तिच्या नव्या टोकावर पुन्हा मांडायला सांगितले. पीओ फाइलीत, म्हणजे भाषांतराच्या फाइलीत, कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) येणारच. मूळ कोडात दोन ओळी वाढल्या तरी या फाइलीत नोंदलेले ओळक्रमांक बदलतात. मला माझं काम ठेवायचं होतं, म्हणून ‘अवर्स’ निवडलं. अवर्स म्हणजे आमचं ना? तीन संध्याकाळींचं भाषांतर गेलं.

रिबेसमध्ये सगळं उलटं! मर्ज करताना, म्हणजे दुसरी ब्रँच आपल्यात मिसळताना, अवर्स म्हणजे आपण उभे असतो ती ब्रँच. रिबेसमध्ये गिट आधी त्यांच्या अंगणात जाऊन उभं राहतं नि आपले कमिट एकेक करून तिथे मांडतं. म्हणून त्यांचं ते ‘अवर्स’, आपलं ते ‘देअर्स’. मदतपानात लिहिलंय म्हणे. अंधारात मदतपान कोण वाचतो? 2019 साली चेकआउट या एकाच आज्ञेवर अनेक कामं टाकल्याचा गोंधळ निस्तरायला स्विच नि रिस्टोर या आज्ञा आणल्या, ही नावं मात्र तशीच.

त्या रात्री एकच तारा द्यायचं ठरवलं होतं. सकाळी फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारी भाची म्हणाली, “मामा, रिफ्लॉग बघितलास?”

रिफ्लॉग म्हणजे आपण कधी कुठल्या कमिटवर होतो याची गिटची नोंदवही. बघितला. रिबेस सुरू झाल्याच्या नोंदीखालीच माझा जुना कमिट निवांत बसलेला! रिसेट हार्ड मारलं, म्हणजे ब्रँच त्या कमिटवर मागे नेली, सगळं परत. कुठल्याच ब्रँचला न लागणाऱ्या अशा नोंदीही गिट एरवी 30 दिवस ठेवतं. फक्त काम कमिट केलेलं हवं. नुसतं टंकलेलं रिफ्लॉगला ठाऊक नसतं. त्यामुळे आता अर्धवट वाक्यावरही कमिट करतो. त्याला नेट लागत नाही, डेटाही जात नाही.

तर चार तारे. पाचवा अवर्सने खाल्ला, तो मिळणार नाही.

भाषांतर अखेर मर्ज झालं, तेही तपासणाऱ्याने ‘साठवा’ काढून सगळीकडे ‘जतन करा’ घालायला लावल्यावर. लॅपटॉपच्या कडेला चिठ्ठी डकवलीय: ‘रिबेसमध्ये आमचं म्हणजे त्यांचं.’ बायकोने वाचली नि विचारलं, “जमिनीचा दावा कधी लावलात?”