क्यूब्लेड : उभ्या अक्षाच्या पवनचक्कीचे पाते सुधारण्यासाठी कितपत उपयोगी?

उभ्या अक्षाच्या पवनचक्कीचे पाते संगणकावर सुधारू पाहणाऱ्याने सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरपासून करावी, असे कोणी विचारले तर मी क्यूब्लेडचे नाव घेईन. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात विकसित झालेल्या या सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती विनामूल्य मिळते, आणि पात्याचा छेद आखण्यापासून संपूर्ण चक्कीच्या कार्यक्षमतेचा आलेख हाती येईपर्यंतची कामे त्यात एकाच ठिकाणी होतात. त्याच्या कोणत्या आकड्यावर किती विसंबायचे, हे मात्र वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते.

याचे कारण या चक्कीच्या स्वभावातच आहे. डॅरियस प्रकारच्या, म्हणजे विमानाच्या पंखासारख्या छेदाची पाती उभ्या दांड्याभोवती फिरणाऱ्या चक्कीत पात्यावर येणाऱ्या वाऱ्याचा कोन प्रत्येक फेऱ्यात दोन्ही बाजूंना झुलत राहतो. पात्याचा वेग वाऱ्याच्या चौपट असेल, तर चक्कीमुळे वारा मंदावतो हे बाजूला ठेवल्यास हा कोन जास्तीत जास्त साडेचौदा अंशांपर्यंत जातो. वेग दुप्पटच असेल तर तो ३० अंशांवर पोहोचतो. नाका ००१८ सारखा (नाका या जुन्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणित मालिकेतला) सममित छेद त्याच्या बराच आधी स्टॉल होतो, म्हणजे त्यावरचा प्रवाह सुटून उचल कोसळते, आणि कोन झपाट्याने बदलत असल्यामुळे हा स्टॉलही स्थिर वाऱ्यातल्यासारखा राहत नाही.

क्यूब्लेडमध्ये छेदाची उचल (वाऱ्याच्या दिशेला काटकोनात मिळणारे बळ) आणि रोध (वाऱ्याच्या दिशेने ओढणारे बळ) काढण्याचे काम एमआयटीच्या मार्क ड्रेला यांचा एक्सफॉइल हा प्रोग्राम करतो. येथे घाई करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाते १० सेंटीमीटर रुंद आणि त्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा वेग व पात्याची रुंदी यांचा हवेच्या चिकटपणाशी असलेला संबंध दाखवणारा आकडा) सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान येतो. या पट्ट्यात पात्याच्या पृष्ठभागापासून प्रवाह सुटून पुन्हा चिकटतो आणि निष्कर्ष फार संवेदनशील होतात. पात्यावरचा सुरळीत प्रवाह केव्हा खवळेल हे ठरवणारा एनक्रिट हा आकडा मुळात ९ असतो, पण तो सर्वसाधारण वातबोगद्याला साजेसा आहे. इमारतींच्या आसपासच्या खवळलेल्या वाऱ्यासाठी तो कमी करूनही गणित तपासले पाहिजे.

एवढी काळजी घेतल्यावर दुहेरी-बहुप्रवाहनलिका पद्धत (वाऱ्याचा प्रवाह अनेक नळ्यांत विभागून चक्कीच्या पुढच्या आणि मागच्या अर्ध्या भागाचे वेगवेगळे गणित करणारी) काही क्षणांत आलेख देते, आणि सॉफ्टवेअरचे खरे बळ मला येथेच दिसते. पात्यांची रुंदी वाढवली की कार्यक्षमतेचे शिखर पात्याच्या कमी वेगाकडे सरकते, पाते दोन-तीन अंशांनी वळवले की फेऱ्याच्या कोणत्या भागात बळ वाढते आणि कोणत्या भागात घटते, हे बदल एकामागून एक करून पाहता येतात. दहा आकारांतून दोन निवडायचे असतील, तर याहून सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही. ही पद्धत पात्याच्या टोकाशी सुटणारे भोवरे स्वतः उभे करत नाही. त्यासाठी याच सॉफ्टवेअरमधील मुक्त भोवऱ्यांची पद्धत (सुटलेल्या भोवऱ्यांचा माग काढणारी) घ्यावी, तिला वेळ जास्त लागला तरी.

चक्की आपोआप सुरू होईल का, या प्रश्नावर मात्र मी क्यूब्लेडचा कौल अंतिम मानणार नाही. सुरुवातीला पाते जवळजवळ थांबलेले असल्याने वारा त्यावर सर्व बाजूंनी येतो, आणि स्टॉलपलीकडचे आकडे मॉन्टगोमेरी किंवा विटर्ना यांच्या सूत्रांनी पुढे ओढलेले असतात. वातबोगद्यात मोजलेली माहिती उपलब्ध असेल, तर तीच आत भरावी. तशी सोय आहे.

निवडलेल्या दोन आकारांची पुढची तपासणी ओपनफोमसारख्या, हवेच्या प्रवाहाचे सविस्तर गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर करावी. तेथे पात्यालगतची जाळी (हवेचे ज्या लहान कप्प्यांत विभाजन करतात ती) फार बारीक ठेवावी लागते, आणि चक्कीमागचा प्रवाह नीट घडेपर्यंतचे सुरुवातीचे फेरे सोडून द्यावे लागतात. लागोपाठच्या फेऱ्यांतील बळाचे आलेख एकमेकांवर बसू लागल्यानंतरच त्या फेऱ्यांच्या सरासरीची तुलना क्यूब्लेडच्या आकड्यांशी करावी.