५५० वॅटचा एसएमपीएस: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो: एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा (पॉवर सप्लाय), चांगला निघाला. गेल्या पावसाळ्यात बसवला, यंदाचा मे महिना काढला, मशीन एकदाही मधूनच रिस्टार्ट झालेलं नाही. पण जास्त लिहायचंय ते त्याच्या आधीच्या भानगडीबद्दल. मशीनमध्ये आत्ता किती वॅटचा सप्लाय बसलाय, हे कळल्याशिवाय नवा किती वॅटचा घ्यायचा ते ठरत नाही आणि ग्राफिक्स कार्ड टाकणारे बरेचजण तिथेच अडकतात.

मी घरून लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आय५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० कार्ड. कार्ड टाकल्यापासून एडिटिंग सुरळीत चालायचं, पण रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की स्क्रीन काळी आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’. ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, सगळी सॉफ्टवेअर लावून पाहिली. प्रोसेसर, रॅम, कार्ड यांची कुंडली निघते, एसएमपीएसची नाही. साधा सप्लाय मदरबोर्डला वीज देतो, स्वतःचं नाव-गाव कळवत नाही. यूएसबीने जोडायचे काही महागडे डिजिटल सप्लाय असतात, त्यांची गोष्ट वेगळी. डेलसारखं ब्रँडेड मशीन असेल तर मागचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकून मूळ कॉन्फिगरेशन बघता येतं. असेंबल्ड मशीनला मात्र कॅबिनेट उघडण्यावाचून इलाज नाही.

मागचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबा आणि मग साइड पॅनल खोला. जुन्या कॅबिनेटमध्ये सप्लाय वरच्या बाजूला असतो आणि लेबल समोरच दिसतं. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तो खाली झाकणाआड असतो, त्यामुळे बऱ्याचदा दुसऱ्या बाजूचं पॅनल काढावं लागतं. तरी दिसलं नाही तर मोबाइलचा फ्लॅश लावून फटीतून फोटो काढा, नाहीतर मागचे चार स्क्रू काढून डबा थोडा बाहेर सरकवा. डबा मात्र खोलायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट शिल्लक असू शकतात.

माझ्या जुन्या डब्यावर, म्हणजे कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या, ठळक अक्षरात ‘४५०’ होतं. नुसतं ४५०, पुढे वॅट नाहीच! खालच्या तक्त्यात बारीक अक्षरात: +१२ व्होल्ट, १६ अँपिअर. १२ गुणिले १६, १९२ वॅट. आता हिशोब बघा. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. १२४००एफ टर्बोवर, म्हणजे पूर्ण वेगात, ११७ पर्यंत जातो. हे दोघं मिळूनच २८७, आणि दोघंही घेतात ते मुख्यतः १२ व्होल्टवरून. त्यातून कार्डाची ८ पिनची वायर या सप्लायला नव्हतीच, दुकानदाराने मोलेक्सचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ४ पिनच्या वायरीचं, कन्व्हर्टर लावून दिलं होतं. तरीही रोजचं काम चालत होतं, याचंच मला नवल वाटतं.

पूर्वी प्रोसेसर मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टवर चालायचे, म्हणून जुन्या धाटणीच्या सप्लायमध्ये त्या व्होल्टची बाजू दणकट असायची. २००० साली एटीएक्स१२व्ही हे सप्लायचं नवं मानक आलं, पेंटियम ४ च्या काळापासून भार १२ व्होल्टवर सरकला. स्वस्तातले काही डबे अजून जुन्याच वळणाचे आहेत. लेबलवर १२व्ही१ आणि १२व्ही२ अशा दोन ओळी असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, खाली दिलेला एकत्रित कमाल आकडा धरा.

नवा सप्लाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा). बॉक्स काउंटरवरच उघडायला लावून लेबल वाचलं: +१२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. नाव आणि आकडा जुळतात.

सासरेबुवांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “४५० चा काढून ५५० चा बसवलात, बिल वाढलं असेल?” नाही वाढलं. तो आकडा सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आहे, मशीन लागेल तेवढंच खेचतं. भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर लावून पाहिला: नुसतं चालू असताना ६० च्या आसपास, रेंडरला ३३० ते ३४०. भिंतीतून खेचलेल्यापैकी थोडी वीज सप्लायमध्येच उष्णता होऊन जाते, म्हणजे मशीनला प्रत्यक्षात तीनशेच्या आतबाहेर मिळते.

तक्रारी आहेत. वायरी कडक आणि सगळ्या कायमच्या जोडलेल्या, त्यामुळे न लागणाऱ्या मोलेक्सचा गुंता कॅबिनेटच्या तळाशी कोंबावा लागला. प्रोसेसरची ४+४ पिनची वायर बोर्डाच्या मागून आणताना जेमतेम पोचली. मे महिन्यात दुपारी रेंडर लावला की फॅन ऐकू यायचा, बाकी वर्षभर नाही. वॉरंटी ५ वर्षांची आहे. सीरियल नंबर त्याच लेबलवर असतो, तेव्हा बसवण्याआधी फोटो काढून बिलासोबत ठेवा.

आता अडचण यूपीएसची. माझी ६०० व्हीएची (व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हे) आहे आणि तिच्यावरही बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलंय. रेंडरचे ३४०, वर मॉनिटर. लाइट गेली की यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून हात वर करते. पुढच्या सीझनच्या ऑर्डर सुरू व्हायच्या आत १००० व्हीएची घ्यायची आहे, तीही वॅटचा आकडा वाचूनच.