'अपडेट'च्या नावाखाली तात्यांचे पैसे गेले

देवगडला माझे मोठे काका, आमचे तात्या, हापूसच्या पेट्यांचा सगळा हिशेब लॅपटॉपवर ठेवतात. ऐन हंगामात त्यांना पद्धतशीर लुबाडलं. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून लिहिते आहे.

हवामान बघत असताना अचानक स्क्रीनभर निळं पान आलं. 'विंडोजचं सिक्युरिटी अपडेट बाकी आहे, संगणक बंद केल्यास माहिती नष्ट होईल.' खाली फोन नंबर, वर कर्कश भोंगा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे तात्यांनी पेपरात वाचलं होतं, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं.

पलीकडचा माणूस मराठीत, 'काका, काका' करत बोलला. लॅपटॉप लांबून चालवता येईल असं अ‍ॅप त्याने टाकून घेतलं. मग 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणा दाखवल्या आणि हे सगळे व्हायरस म्हणाला. साफ खोटं. किरकोळ अडचणींच्या तसल्या नोंदी धडधाकट संगणकातही असतात, आत्ता माझ्याही आहेत. माहिती नसलेल्या माणसाला मात्र धडकी भरते. अपडेटचे २,९९९ रुपये भरायला म्हणून तात्यांनी नेटबँकिंग उघडलं, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. 'अपडेट चालू आहे, फोन ठेवू नका, आलेला ओटीपी सांगा.' ४८ हजार गेले.

काकूचा फोन येताच मी आधी वायफाय बंद करायला लावलं, मग १९३० ही सायबर हेल्पलाइन, मग बँक. थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली, बाकीची तोवर काढली गेली होती. इथे मिनिटं मोलाची असतात, लाजेपायी गप्प बसू नका. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.

पण खरी काळजी मला पुढे वाटली. तात्या म्हणाले, "ता अपडेट आता नकोच माका." हे चोरीपेक्षा महागात पडू शकतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ते भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं, ते सापडले.

खरं अपडेट सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये येतं. कुठल्या वेबसाइटवर नाही, ईमेलमधल्या लिंकवर नाही. विंडोज ११ च्या मासिक सुरक्षा अपडेटला पैसे लागत नाहीत, ओटीपी तर कधीच नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. ही मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे बहुधा बुधवार उजाडतो. निळं पान आलंच तर एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडो) ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून ठेवा, सेव्ह न केलेलं काम तेवढं जाऊ शकतं, त्या पानाची धमकी खोटीच असते.

आता तात्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. हिशेबाची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्यायची, चार्जर लावायचा आणि मगच रीस्टार्ट. पावसाळ्यात लाइट जायच्या बेतात असेल तर दुसऱ्या दिवशी. दर महिन्याला मी फोनवर असते, बटण तात्याच दाबतात.