क्लबाच्या उसन्या रायफली: गरँड की मोसिन?

अमेरिकेतल्या क्लबात जुन्या लष्करी रायफलींची मॅच ठेवली की स्वतःची रायफल नसलेले चार-पाच जण हमखास येतात. त्यांना द्यायला कपाटात काय ठेवावं, पुढची गोळी आपोआप भरणारी अमेरिकन एम-वन गरँड की दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रशियन मोसिन-नागां ९१/३०? पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीच्या ओढीने आपली मंडळी ली-एन्फिल्डही सुचवतात, पण काडतुसांचा आजचा भाव ऐकला की विषय तिथेच थांबतो.

मॅच नेहमीची धरतोय: १०० यार्ड, एसआर-१ टार्गेट. ५ चाचणीच्या गोळ्या, १० झोपून सावकाश, १० झोपून ८० सेकंदांत, १० उभं राहून. म्हणजे माणशी ३५ राउंड.

पैशांच्या बाजूने मोसिन अजूनही पुढे आहे. शंभर डॉलरच्या आत मिळायची ते दिवस गेले, पण एका गरँडच्या किमतीत साधारण दोन मोसिन येतात. जुन्या काडतुसांचा ४४० राउंडांचा सीलबंद डबा बारा जणांना पुरतो, वर २० उरतात. मात्र सप्टेंबर २०२१पासून रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयातीला परवाने मिळेनासे झाले आणि तो डबा स्वस्ताईचा राहिला नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत पोलाद असतं. पुष्कळ रेंजवर गोळीला चुंबक लावून बघतात. चिकटलं की डबा परत गाडीत. डबा विकत घेण्याआधी रेंजचा नियम विचारून घ्या.

धुण्याचं काम वेगळंच. त्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीतून) नळीत क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि गंज चढतो. नुसत्या तेलाने क्षार जात नाही. आधी गरम पाणी, मग कोरडे बोळे, मग तेल. आणि हे त्याच संध्याकाळी. पाच रायफली धुवायला मॅचनंतर कोण थांबणार, ते आधी ठरवा. बोल्ट तापल्यावर अडकत असेल तर चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, जुनं ग्रीस वाळून बसलेलं असतं. २० गेजचा पितळी ब्रश आणि मिनरल स्पिरिट वापरून ते काढलं की बहुतेक वेळा भागतं.

गरँडचीही नाटकं आहेत. सरकारी साठ्यातल्या गरँड विकणाऱ्या सीएमपीकडून घ्यायची तर नागरिकत्वाचा पुरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना तो रस्ता बंद. दुकानातलं जड गोळीचं शिकारी .३०-०६ काडतूस तिच्यात घालू नये, बोल्ट मागे ढकलणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. गरँडसाठी म्हणून बनवलेलं १५० ग्रेन वजनाच्या गोळीचंच घ्यावं. दुसरं, एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडला तर मोकळ्या फायरिंग पिनमुळे ते आपोआप उडण्याचा धोका असतो. म्हणून सावकाश फेऱ्यांना क्लिपच्या (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या) जागी बसणारा, एकेक काडतूस भरू देणारा ‘स्लेड’ लावा. वेगवान फेरीत आधी दोनची क्लिप, मग आठची. दोनची क्लिप खिळखिळी असते, नवख्याच्या हातून काडतुसं गवतात जातात. ती क्लबातल्या कुणीतरी आधीच भरून द्यावी. आणि क्लिप दाबताना बोल्ट झटक्यात पुढे येतो, तेव्हा अंगठा सांभाळायला सांगा, एकदा नव्हे, दर फेरीला.

एवढं सगळं असूनही माझ्यापुरता निकाल मोसिनच्या पुढच्या साइटने लावला.

ही रायफल संगीन लावून झीरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी जुळवलेली असते. संगिनीशिवाय, मागची पट्टी अगदी खाली ठेवूनही, १०० यार्डांवर ती बहुधा चार-सहा इंच वर मारते. एसआर-१चा काळा गोल सव्वासहा इंचांच्या जरासा वर आणि दहाचं वर्तुळ ३.३५ इंचांचं. म्हणजे नवख्याला सांगायचं काय, तर काळ्याच्या खाली पांढऱ्या कागदावर कुठेतरी नेम धर. तिथे नेम धरायला काहीच नसतं! साइटच्या खुंटीवर वायरचं आवरण किंवा हीट-श्रिंक (तापवलं की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून उंची वाढवता येते. थोडं जास्त ठेवायचं आणि मारून बघत कापत आणायचं. उपाय चांगला आहे, पण डावं-उजवं तसंच राहतं. मागच्या साइटला डावं-उजवं सरकवायची घुंडी नाही. पुढची साइट खाचेत ठोकून सरकवावी लागते, आणि एक मिलिमीटर सरकली तर १०० यार्डांवर जवळपास सहा इंचांचा फरक पडतो. ज्याची स्वतःची रायफल आहे त्याला हे एकदाच करायचं असतं. उसनी रायफल मात्र सकाळभरात चार जणांच्या डोळ्यांखालून जाते. एकासाठी ठोकलेली साइट दुसऱ्याला डावीकडे टाकते, आणि त्याच्या पाच चाचणीच्या गोळ्या रायफलीशी भांडण्यातच संपतात.

गरँडच्या मागच्या साइटला घुंड्या आहेत; एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. तीन गोळ्या डावीकडे दोन इंच पडल्या तर उजवीकडे दोन क्लिक, पुढची गोळी.

ज्यांच्याकडे स्वतःची मोसिन आहे त्यांना मॅचमध्ये जरूर घ्या, बोल्टच्या रायफलींची यादी वेगळी लावा. बजेट फारच तुटपुंजं असेल तर दोन मोसिनही चालतील, हीट-श्रिंक आधी बसवून. पण थोडं थांबून एकच गरँड घेणं जमत असेल तर मी थांबेन. घेतलीत की तिच्या दस्त्यावर चिकटपट्टी लावा आणि त्यावर १०० यार्डांची उंची लिहा: अगदी तळापासून किती क्लिक वर, तेवढंच.