एकदम सगळं बंद, की एकेक करून?

जेवलं की पोट फुगायचं, पण कोणत्या पदार्थानं ते उमगत नव्हतं. परभणीत आमच्या घरी मी दोन्ही वाटा धरून पाहिल्या.

आधी एकेक पदार्थ सोडला. दोन आठवडे दूध बंद. सोपं होतं, घरच्यांनाही वेगळा स्वयंपाक नको. पण त्रास दोन पदार्थांचा असेल तर ही वाट फसवते. दूध सोडूनही पोट फुगतच होतं, म्हणून मी दुधाला निर्दोष ठरवलं. ते चूक निघालं.

मग गहू, दूध, कांदा, लसूण एकदम बंद केले. तीन आठवडे ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी. मराठवाड्यात हे निभतं, कारण ज्वारी रोजचीच आणि तिच्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, नसतं. येसराची (भाजलेली धान्यं, डाळी नि मसाल्यांच्या पिठाची) आमटी मात्र सोडावी लागली, आमच्या येसरात गहू असतो. पोट शांत झालं. नंतर एकेक पदार्थ परत घेतला, प्रत्येकाला तीन दिवस, सगळं वहीत लिहून. दुधानं काही तासांतच त्रास दिला, दह्यानं नाही, कारण विरजणात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी होतं. कांदाही बाधला. गहू पचला.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. पण लहान मुलं, गरोदर बाई, मधुमेही यांनी आहारतज्ज्ञाला विचारूनच. आणि सिलिअॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी करायची असेल तर ती गहू सोडण्याआधी करा, नाहीतर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. ओठ सुजले, श्वास लागला, तर ती ॲलर्जी असू शकते. तिथे घरचे प्रयोग नकोत, थेट दवाखाना गाठा.