बाल्कांवातलं ऊन की ऑफिसची ट्यूबलाइट?

सकाळचा चहा फोंड्याला घरच्या बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) आणि मग संध्याकाळपर्यंत पणजीत ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली, त्यामुळे दोन्ही उजेड मी रोजच घेते. आकडे बघितले तर तुलनाच होत नाही, भर उन्हात बाहेर १,००,००० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि ऑफिसात जेमतेम ३०० ते ५००, जुलैच्या काळ्या आभाळाखालीसुद्धा दिवसा बाहेर सहसा याहून जास्तच मिळतो. आपल्या मेंदूतलं घड्याळ सकाळच्या याच उजेडावर सेट होतं, म्हणून रात्री वेळेवर झोप येते.

ड जीवनसत्त्वाचं तर बोलायलाच नको, एलईडीतून ते मिळत नाही, आणि बंद खिडकीत बसून ऊन खाल्लं तरी नाही, कारण त्वचेत ते तयार करणारे यूव्ही-बी किरण काच अडवते (माझी आई वर्षानुवर्षं तेच करतेय!). पण दुपारचं गोव्याचं ऊन म्हणजे कातडी भाजणं, तिथे नैसर्गिक वगैरे कौतुक नको.

दिवे वाईट नाहीत हो, रात्री त्यांच्याशिवाय चालणार कसं. फक्त पांढऱ्या एलईडीतला आणि मोबाइलमधला निळा प्रकाश मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो, झोप लांबते. मी बेडरूममध्ये २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब लावलाय. मोबाइल मात्र अजून सुटला नाही.