पोल्ट्रीच्या पाण्यात काय टाकायचं, ब्लिचिंग की ॲसिडिफायर?

शेड नवीन असलं की हा प्रश्न येतोच, आणि कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना द्यायला 2019 पासून बंदी आल्यापासून जास्तच, कारण आधी हगवण दिसली की त्याची पावडर टाकून मोकळं व्हायची सवय होती. साल्मोनेला हा जंतू तर पक्षी तब्येतीत दिसत असतानाही आत असतो आणि तसाच गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत जातो, त्यामुळे पाणी महत्त्वाचं. मी चार बॅच ॲसिडिफायरवर, म्हणजे पाण्यात टाकायच्या ॲसिडवर काढल्या, मग क्लोरीनवर, म्हणजे ब्लिचिंग पावडरवर आलो. लॅबचे रिपोर्ट नाहीत माझ्याकडे, पाच हजारच्या शेडमध्ये जे बघितलं ते सांगतो.

ॲसिडचा एक मुद्दा खरंच भारी आहे. फॉर्मिक, प्रोपिओनिक, लॅक्टिक ही पक्ष्याच्या क्रॉपमध्येही (गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत) काम करतात, क्लोरीन तिथवर पोचतच नाही म्हटलं तरी चालेल, ते पाणी आणि पाइप सांभाळतं. लिफ्टिंगआधी, म्हणजे पक्षी विक्रीला उचलण्याआधी, फीड काढलं की भुकेले पक्षी लिटर (खालचं तुसाचं अंथरूण) टोचतात आणि ती घाण क्रॉपमध्ये घेऊनच कापायला जातात, म्हणून त्या शेवटच्या तासांत लॅक्टिक ॲसिड मी आजही देतो.

पण रोजसाठी सोडलं ते निपलमुळे, म्हणजे पक्षी चोच मारून पाणी पितात त्या तोटीमुळे. उन्हाळ्याच्या बॅचला अठराव्या दिवशी एका लाइनचे पक्षी निपलला चोच मारून मारून परत फिरत होते, खोलून बघितलं तर आत पांढरट शेंबडासारखा थर. ॲसिडचा डोस कमी असला की बुरशी आणि यीस्ट त्याच्यावरच वाढतात. काही निपल चोक, काही बंदच होईनात, रात्रभर टपटप, खालचं तूस मुठीत दाबलं तर लाडू वळत होता आणि सकाळी पडदे उघडेपर्यंत अमोनियाने डोळे चुरचुरायचे. ज्या जंतूंसाठी खर्च केला त्यांनाच ओलं लिटर मिळालं. मध्ये शेड रिकामं असताना हायड्रोजन पेरॉक्साइडने लाइन धुतली, पुढच्या बॅचला थर परत हजर. माझाच डोस चुकला असेल, ओळखीत एक-दोघांचं ॲसिडवर नीट चाललंय.

क्लोरीनलाही कटकट आहे. ब्लिचिंगचा चुना खाली बसू द्यावा लागतो, वरचं निवळ पाणीच घ्यायचं, आणि उन्हाळ्यात उघडी पिशवी पंधरा दिवसांत दम सोडते. ताजी असेल तर 1000 लिटरला 10 ग्रॅमपासून सुरुवात करा, पण टेस्ट शेवटच्या निपलला घ्या, तिथे 2 ते 3 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीन मिळालं पाहिजे, टाकीत मिळून उपयोग नाही. गंबोरो आणि लासोटा या लसी पाण्यातून देताना दोन दिवस आधी क्लोरीन बंद करावं लागतं, लोक हे क्लोरीनच्याच खात्यात मांडतात पण लसीला ॲसिडही बंदच करावं लागतं ना.

बोअरचा पीएच मात्र आधी बघा. 6.5 ला क्लोरीनचा मारणारा भाग नव्वद टक्के असतो, 8 ला जेमतेम पाव. तुमचं पाणी 8 च्या वर असेल तर माझं गणित तुम्हाला कदाचित लागू नाही. माझं साडेसातच्या आत आहे, आणि क्लोरीनवर आल्यापासून बॅच चालू असताना निपल खोलायची वेळ आली नाही.

लिफ्टिंगआधी ॲसिड द्यायचं असेल तर क्लोरीनच्या टाकीत कॅन ओतू नका, विषारी वायू सुटतो. मी आदल्या दिवशी क्लोरीन थांबवतो, टाकी रिकामी करून लाइन साध्या पाण्याने फ्लश करतो, मगच ॲसिड.